मराठीत बोलणारी मोटरची पेटी : आंबेगावच्या विहिरीवर एक वर्ष

गेल्या वर्षी भोगीच्या आदल्या आठवड्यात मी पुण्यातल्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतून शेतीपंपाला जोडायचा एक मोबाईल स्टार्टर विकत घेतला आणि आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पूर्वेला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या विहिरीवर बसवून दिला. खोक्यावर ‘जीएसएम पंप कंट्रोलर’ असे छापले आहे, दुकानदार त्याला मोबाईल स्टार्टर म्हणतो आणि आत्याच्या वस्तीवर सगळे त्याला नुसते ‘पेटी’ म्हणतात. मीही पेटीच म्हणणार आहे. खोक्याच्या मागच्या बाजूस ‘अशिक्षित शेतकरीसुद्धा सहज वापरू शकतो’ असे एक वाक्य होते. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते, त्यामुळे असे वाक्य दिसले की ते खरे किती आणि खोटे किती हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तिन्ही ऋतू पेटी वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. कंपनीचे नाव दिलेले नाही, कारण थोड्याफार फरकाने अशाच पेट्या बाजारात अनेक नावांनी मिळतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष त्यांतल्या बहुतेकींमध्ये तपासून पाहण्यासारखे आहेत.

आधी आत्याविषयी सांगायला हवे, कारण ‘कमी शिकलेला शेतकरी’ या शब्दांत काय येते आणि काय येत नाही हे तिच्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. ती त्रेसष्ट वर्षांची आहे. दुसरीत असताना धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, सांभाळायला घरी राहिली ती पुन्हा शाळेत गेली नाही. ती सही करते, नोटा ओळखते, आडत्याच्या पट्टीवरची शेवटची रक्कम आणि कालनिर्णयवरची तारीख वाचते, एसटीची पाटी अक्षरे न लावता एकूण आकारावरून ओळखते. पण दोन ओळींचा मजकूर समोर ठेवला की ‘चष्मा घरी राह्यला’ असे म्हणते, आणि त्या वेळी ती घरातच असते. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८६ टक्के नोंदली गेली. उरलेल्या चौदांत आत्या बहुधा धरलेली नसेल, कारण सही करणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी निरक्षर म्हणत नाही. आतोबा गेल्यापासून अडीच एकर शेत ती एकटी पाहते. कोणत्या वाफ्याला कधी पाणी दिले, कोणाचे किती हातउसने आहेत, चाळीत कांद्याच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, हा सगळा हिशेब तिच्या तोंडी असतो आणि त्यात चूक निघालेली मला आठवत नाही.

विहीर घरापासून सात-आठशे पावलांवर, घोड नदीच्या अंगाला आहे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे. शेतीची थ्री-फेज लाईट पाळीने येते. काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मोटर चालू करायला कोणीतरी विहिरीवर जावे लागते, आणि जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, रात्री उसाच्या कडेने चालणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. बिबट्या इथे आता डोंगरातला राहिलेला नाही, तो उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. दिवसा लाईट द्या ही या भागातल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे, ती केवळ झोपमोड होते म्हणून नव्हे. आत्या रात्री अकरा वाजता हातात बॅटरी आणि काठी घेऊन, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सोबतीला उठवून विहिरीवर जात असे. कित्येकदा ती पोहोचेपर्यंत लाईट गेलेली असे.

पेटीचे काम समजायला अवघड नाही. आत एक सिमकार्ड असते. पेटीच्या वायरी मोटरच्या स्टार्टरमधल्या हिरव्या आणि लाल बटणाला जोडतात, म्हणजे हाताने बटण दाबण्याचे काम पेटी करते. एका फेजच्या वायरभोवती बांगडीसारखी कॉइल बसवतात. तिच्यावरून मोटर किती अँपिअर घेते ते पेटीला कळते. आपण आपल्या फोनवरून पेटीच्या नंबरला फोन लावायचा. नोंदवलेल्या नंबरांपैकी तो असला तर पेटी फोन उचलते, लाईट आहे की नाही आणि मोटर चालू आहे की बंद हे मराठीत सांगते, मग एक दाबले की मोटर चालू आणि दोन दाबले की बंद. लाईट आली किंवा गेली की पेटी स्वतःहून पहिल्या नोंदवलेल्या नंबरावर फोन करते. त्यासाठी ॲप नको, इंटरनेट नको आणि मोठ्या पडद्याचा फोनही नको. आत्याचा बटणांचा फोन पुरतो.

ही कल्पना नवी नाही आणि तिचे एक मूळ पुण्यातच आहे. ओशियन ॲग्रो ऑटोमेशन या पुण्यातल्या कंपनीच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ या नावाने मोबाईलवरून पंप चालवण्याचे यंत्र तयार केले आणि २००९ मध्ये नोकियाच्या ‘कॉलिंग ऑल इनोव्हेटर्स’ स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. हातात स्मार्टफोन येण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट आहे. मी घेतलेली पेटी त्या कंपनीची नाही. पण शेतकऱ्याला काही वाचायला न लावता, त्याला आधीपासून येणाऱ्या एकाच कृतीवर, म्हणजे फोन लावण्यावर, सगळी भिस्त ठेवायची, हा विचार या साऱ्या पेट्यांमध्ये सारखाच आहे आणि माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे.

आता पहिल्या दिवशीचा प्रसंग. वायरमन गेल्यावर आत्या ओट्यावर बसली आणि मी पेटीचा नंबर तिच्या फोनच्या दोनच्या बटणावर साठवून दिला, म्हणजे दोन दाबून धरले की पेटीला फोन जातो. फोन लागला, पेटीतली बाई बोलू लागली आणि ‘चालू करण्यासाठी एक दाबा’ असे म्हणाली.

‘दाब की आत्या, एक दाब.’

‘दाबला की गं.’

‘आपण निवडलेला पर्याय चुकीचा आहे,’ पेटी म्हणाली.

‘ही बाई माझ्यावरच चिडती,’ आत्या म्हणाली आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

तीनदा असे झाल्यावर मी तिच्या बोटाकडे नीट पाहिले. ती इंग्रजी नऊ दाबत होती. आत्याने आकडे शिकले ते कालनिर्णयवरून, म्हणजे मराठी आकडे, आणि मराठी एक हा दिसायला इंग्रजी नऊसारखाच असतो. पेटीबरोबर आलेल्या मराठी माहितीपत्रकावरही ‘१ दाबा’ असेच मोठ्या अक्षरांत छापले होते, त्यामुळे ज्याला पत्रक वाचता येत नाही पण आकडा ओळखता येतो त्याची चूक होणार हे ठरलेलेच होते. फोन लावताना तिची अशी चूक होत नाही, कारण ती नंबर लावतच नाही. साठवलेली माणसे बटण दाबून धरूनच गाठते. वर्षानुवर्षे सॉफ्टवेअर तपासूनही मला ही गोष्ट आधी सुचली नव्हती, याची मला थोडी लाजच वाटली. शेवटी चुलत बहिणीच्या मुलीकडची लाल नेलपॉलिश घेऊन एकच्या बटणावर एक ठिपका दिला आणि दोनच्या बटणावर दोन. तेव्हापासून चूक झालेली नाही. ठिपके मात्र महिन्या-दीड महिन्याने पुन्हा द्यावे लागतात. खरे तर बहुतेक बटणांच्या फोनमध्ये पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तो अंधारातही बोटाला लागतो. कंपनीने मोटर चालू करण्यासाठी पाच हा आकडा ठेवला असता तर ना वाचण्याचा प्रश्न आला असता ना नेलपॉलिशचा.

दुसरी अडचण पेटीच्या भाषेची. पेटी मराठीत बोलते हे खरे, उच्चार स्वच्छ आहे, आवाजही खणखणीत आहे. पण ती मराठी कोणत्या तरी कार्यालयातून सुटून आल्यासारखी आहे. ‘तीन फेज विद्युतपुरवठा उपलब्ध आहे. पंप बंद स्थितीत आहे.’ आंबेगावात कोणी मोटरीला पंप म्हणत नाही आणि विद्युतपुरवठा उपलब्ध होत नाही, लाईट येते. आत्या पहिल्या आठवड्यात दर वेळी फोन ठेवून मला विचारायची, ‘लाईट हाय का न्हाय, काय म्हणली ती?’ हळूहळू तिने ते वाक्य मंत्रासारखे पाठ केले आणि आता ‘उपलब्ध’ ऐकू आले म्हणजे लाईट आहे एवढे तिला पुरते. या अडचणीकडे किरकोळ म्हणून मी दुर्लक्षही केले असते, पण एप्रिलमध्ये जे झाले त्यामुळे ते शक्य नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोटर दहा-पंधरा मिनिटे चालून बंद पडू लागली आणि पेटी प्रत्येक वेळी फोन करून सांगू लागली की विद्युतप्रवाह मर्यादेपेक्षा कमी असल्याने पंप बंद करण्यात आला आहे. आत्याने त्यातला ‘कमी’ हा शब्द धरला. उन्हाळ्यात व्होल्टेज कमी असते हे तिला ठाऊक होते, त्यामुळे ती दोन दिवस व्होल्टेज वाढण्याची वाट पाहत बसली. प्रत्यक्षात विहिरीचे पाणी तुटले होते. पाणी मोटरीच्या खाली गेले की मोटर कोरडी फिरते, कोरडी फिरली की तिच्यावर ताण कमी येतो आणि ती अँपिअर कमी घेते. पेटीने ते ओळखून मोटर बंद केली आणि वायंडिंग, म्हणजे मोटरीच्या आतली तारेची गुंडाळी, जळू दिले नाही. यंत्र म्हणून पेटीने आपले काम चोख केले. पण ते सांगताना असे शब्द वापरले की ऐकणाऱ्याने नेमका उलटा अर्थ घ्यावा. अँपिअर कमी होण्याला दुसरीही कारणे असू शकतात, जसे की पाइप फुटणे किंवा सुटणे, त्यामुळे कंपनीला ठामपणे ‘पाणी संपले’ असे म्हणता येणार नाही हे मला मान्य आहे. तरी ‘मोटर पाणी ओढत नाही, विहीर बघा’ असे म्हणायला काहीच हरकत नव्हती. दोन दिवसांत कांद्याचा एक वाफा वाळला. मोटर जळाली असती तर पाणबुडी मोटर विहिरीतून वर काढणे, मंचरला नेणे, वायंडिंग भरणे आणि पुन्हा सोडणे यात आठवडा गेला असता, हे लक्षात घेऊन मी या प्रसंगात पेटीला दोष देते, पण उणे गुण देत नाही.

दुकानदाराने मला याहून महाग, ॲपवर चालणारी पेटी दाखवली होती. फोनशी बोलून मोटर चालू करता येते असे तो सांगत होता. ती घेतली नाही याचे मला समाधान आहे. बोलून यंत्र चालवणे ऐकायला सोपे वाटते आणि गेल्या काही वर्षांत फोनला मराठी बोलणे पुष्कळ चांगले कळू लागले आहे, हे खरे. पण गुजरातमधल्या शेतकऱ्यांसाठी ‘आवाज ओटलो’ नावाची फोनवरची सेवा तयार करणाऱ्या संशोधकांनी २००९ मध्ये या दोन पद्धती शेतकऱ्यांकडूनच करून पाहिल्या, तेव्हा बोलून निवड करण्यापेक्षा बटण दाबून काम पूर्ण होण्याचे प्रमाण जास्त आढळले. शिवाय विहिरीवर वारा असतो, शेजारची मोटर चालू असते आणि आत्या ‘चालू कर’ असे न म्हणता ‘सोड पाणी’ असे म्हणते. त्याच काळात बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये इंद्राणी मेधी यांनी वाचता न येणाऱ्या लोकांसाठी चित्रे आणि आवाज यांवर चालणारे पडदे तयार करून पाहिले. एकात एक दडलेल्या यादीतून वाट काढणे अशा लोकांना फार जड जाते, असे त्यांच्या कामातून पुढे आले. आमच्या पेटीत रोजच्या वापराला एकच पायरी आहे, एक किंवा दोन. तिची खरी ताकद त्यातच आहे, आणि कंपनी पुढच्या मॉडेलमध्ये ‘अधिक पर्यायांसाठी नऊ दाबा’ असे करील अशी मला धास्ती वाटते.

इथवर मी वापराविषयी लिहिले आणि वापराच्या बाबतीत खोक्यावरचे वाक्य, नेलपॉलिश धरून, बरेचसे खरे ठरले. पण पेटी वापरणे वेगळे आणि पेटी सांभाळणे वेगळे. सांभाळण्याच्या बाबतीत ते वाक्य साफ खोटे आहे.

पेटी पहिल्यांदा सुरू करताना मालकाचा नंबर नोंदवावा लागतो आणि तो नोंदवण्यासाठी पेटीच्या सिमला एसएमएस पाठवावा लागतो. तोही इंग्रजीत, ठरावीक शब्द, मधे मोकळी जागा, मग चार आकडी पासवर्ड आणि शेवटी हॅश, असा. दुसरा नंबर वाढवायचा असेल, मोटर कोरडी चालल्याची मर्यादा बदलायची असेल, तर पुन्हा तसेच. मला स्वतःला दोनदा चूक झाली. विकणाऱ्या दुकानदाराने किंवा वायरमनने हे काम करून द्यावे अशी कंपनीची अपेक्षा दिसते, पण आमचा वायरमन पेटी भिंतीला ठोकून, पाचशे रुपये घेऊन, ‘मोबाईलचं तुम्ही बघा’ म्हणून निघून गेला. म्हणजे जिच्या नावावर शेत आणि मीटर आहे, तिला स्वतःच्या पेटीत स्वतःचा नंबर घालता येत नाही.

याहून मोठा घोटाळा रिचार्जचा. पेटीतल्या सिमलाही आपल्या सिमसारखेच रिचार्ज लागते आणि पहिल्यांदा मी तीन महिन्यांपेक्षा थोडे कमी मुदतीचे केले होते. मुदत संपत आल्याचे सगळे एसएमएस मोबाईल कंपनीने इमानेइतबारे पाठवले, पण ते गेले पेटीतल्या सिमवर, म्हणजे विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत भिंतीला ठोकलेल्या एका डब्यात. ते वाचायला तिथे कोणी पदवीधर असता तरी उपयोग नव्हता, कारण पेटीला पडदाच नाही. एके सकाळी आत्याने फोन लावला तर पेटीच्या बाईऐवजी दुसरीच बाई बोलली आणि हा नंबर सध्या सेवेत नाही अशा अर्थाचे काहीतरी म्हणाली. आत्याला वाटले, पेटी बिघडली. तिने वायरमनला बोलावले, त्याने झाकण उघडून पाहिले, तीनशे रुपये घेतले आणि ‘कार्ड गेलं’ असे सांगितले. मुदत संपण्याच्या दहा दिवस आधीपासून पेटीने मालकाला रोज एकदा ‘माझे रिचार्ज संपत आले आहे’ एवढे फोनवर सांगितले असते तर हे टळले असते. आलेला एसएमएस ओळखून त्यावर काही करण्याची अक्कल पेटीत आधीपासूनच आहे, नंबर नोंदवताना ती तेच तर करते. इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी फक्त बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे रिचार्ज ठेवण्याचा नियम ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये केला आणि मुदतीची मर्यादा ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. तसले वर्षाचे रिचार्ज मी नंतर केले, त्याला सुमारे १,८०० रुपये पडले. पेटी विकताना हा वार्षिक खर्च कोणी सांगत नाही.

‘ऑटो’विषयी मात्र सावध करणे आवश्यक आहे. तीन दाबले की पेटी आपोआप पद्धतीवर जाते, म्हणजे लाईट आली की कोणी न सांगता मोटर चालू होते. आत्याकडून एकदा चुकून तीन दाबले गेले आणि रात्री एकला मोटर सुरू झाली. पाइप तोंडाशी सुटलेला होता, त्यामुळे सकाळपर्यंत शेजाऱ्याच्या कोथिंबिरीत तळे साचले. पेटी ऑटोवर आहे हे ती नेहमीच्या फोनमध्ये सांगतच नाही. पाण्याचे नुकसान एक वेळ भरून निघेल, पण ऑटोवर असलेल्या मोटरीच्या वायरीला कोणी हात घातला आणि त्याच क्षणी लाईट आली तर जीवच जाईल. म्हणून स्टार्टरला हात लावण्याआधी मेन स्विच खाली ओढून फ्यूज काढून ठेवणे, आणि पेटी बसवतानाच अर्थिंग नीट आहे ना हे पाहून घेणे, यात हयगय करू नये. शिवाय लाईट येताच गावातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार पडतो, आणि म्हणूनच ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असे महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगत असते. आमच्या पेटीत तीनचे बटण निकामी करण्याची सोय आहे. ती अर्थातच इंग्रजी एसएमएसने.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. मोटर घरबसल्या चालू झाली तरी दारं धरायला माणूस लागतोच. वाफ्याला पाटाने पाणी देणार असाल तर कोणीतरी खोरे घेऊन शेतात उभे राहणार आहे, रात्री असो की दिवसा, आणि मग त्याने जाता जाता हिरवे बटणही दाबले असते. पेटीचा पुरता फायदा ठिबक असेल किंवा शेततळे, टाकी भरायची असेल तेव्हाच होतो. आत्याच्या एक एकर उसाला ठिबक आहे, त्यामुळे तिथे रात्रीच्या फेऱ्या पूर्ण थांबल्या. कांद्याला आता तुषार घ्यावे असे ती म्हणते आहे. ज्यांचे सगळे रान पाटपाण्याचे आहे त्यांनी पेटीवर पैसे घालण्याआधी याचा विचार करावा.

वर्षभरात आत्याने फोनवरच्या दुसऱ्याही सोयी करून पाहिल्या, त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील. तिची सर्वांत आवडती सेवा सगळ्यांत जुनी आहे. किसान कॉल सेंटर जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले, १८००-१८०-१५५१ हा त्याचा मोफत क्रमांक आहे आणि सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत तिथे मराठीतून बोलणारे माणूस भेटते. आत्याने कांद्याची ‘पात शेंड्याकडून वाळतीय आन् मधी जांभळं डाग’ एवढे सांगितले, पलीकडच्या मुलीने चार प्रश्न विचारले आणि करपा आहे हे ओळखले. आत्याला रोगाचे नाव माहीत असण्याची गरज नव्हती. हेच काम एका पीकसल्ल्याच्या ॲपवर करायला मी माझा स्मार्टफोन तिच्या हाती दिला होता. तिथे पिकांची सुंदर चित्रे होती, पण कांद्याच्या चित्रावर बोट ठेवल्यावर पुढे आला तो दोन पानांचा मजकूर. पहिल्या दारावर चित्र लावले आणि आत सगळी अक्षरेच भरली तर त्या चित्राचा उपयोग फक्त निराश करण्यापुरता. लिहिलेल्या माहितीच्या मर्यादेचा एक जुना दाखला महाराष्ट्रातलाच आहे: एसएमएसने बाजारभाव आणि हवामान कळवणाऱ्या सेवेचा परिणाम फाफशाँ आणि मिंटेन या दोन अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत तपासला आणि शेतकऱ्यांना मिळणाऱ्या भावात सरासरीने लक्षणीय फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही, तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे वाचता न येण्याखेरीजही पुष्कळ कारणे असणार. पण भाव कळणे आणि माल दुसरीकडे नेता येणे यांत जे अंतर आहे ते पेटीच्या बाबतीत उरत नाही, कारण पेटी माहिती देऊन थांबत नाही, मोटरही चालू करते. विजा पडण्याची सूचना देणारे, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप मी शेजारच्या मुलाच्या फोनवर घालून दिले आहे आणि ढग आले की तो आत्याला हाक मारतो. तेही एका परीने आवाजावर चालणारेच तंत्रज्ञान झाले.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पेटीला ४,२०० रुपये पडले, जोडणीचे पाचशे वेगळे. स्वस्त पेट्या टू-जीवर चालतात. त्यांत जिओचे सिम चालत नाही, कारण जिओचे जाळे मुळात फोर-जीपासूनच सुरू झाले, आणि जुने टू-जी किती वर्षे टिकेल याचा भरवसा धरून चार हजार रुपये गुंतवू नयेत. फोर-जीची पेटी घ्यावी आणि घेण्याआधी विहिरीवर उभे राहून कोणत्या कंपनीची रेंज तिथे येते हे पाहावे; घरातली रेंज पाहून सिम घेतले तर फसायला होते. पेटी पत्र्याला थेट ठोकू नये, उन्हाळ्यात तापते. दुकानात पेटी हाताळताना तिला एकदा फोन लावून ती काय बोलते ते मोठ्याने ऐकावे, आणि ज्याच्यासाठी घेतो आहोत त्या माणसाला सोबत न्यावे. मी आत्याला नेले नव्हते, ती माझी चूक. वापरासाठी मी या पेटीला पाचपैकी चार गुण देईन आणि सांभाळण्यासाठी दीड.

रिचार्जवर तोडगा आत्यानेच काढला. वर्षाची मुदत ३६५ दिवसांची असते आणि आपले बहुतेक सण दर वर्षी मागेपुढे सरकतात, पण संक्रांत जानेवारीतली आपली तारीख सहसा सोडत नाही. म्हणून वर्षाचे रिचार्ज भोगीला करायचे असे तिने ठरवले आणि वर्षाच्या मधेच केलेल्या रिचार्जची मुदत शिल्लक असतानाही यंदा भोगीपासूनच नेम धरला. त्या दिवशी सकाळी सातला तिचा फोन आला, ‘पेटीला तिळगूळ द्यायचाय, हाय ना ध्यानात?’ मी ऑनलाइन करते म्हटले, तर नको म्हणाली. पेटीचा नंबर लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा पिशवीत घालून ती एसटीने मंचरला गेली, रिचार्जच्या दुकानात तो तुकडा पुढे केला, पैसे मोजून दिले आणि तिथेच उभे राहून दोनचे बटण दाबून धरले. दुकानातल्या मुलाला ऐकू जावे म्हणून तिने फोनचा आवाज मोठा केला होता. विद्युतपुरवठा उपलब्ध नाही, पंप बंद स्थितीत आहे, असे पेटी म्हणाली, आणि आत्याने पिशवी उचलली.